शोपँच्या ‘उर्टेक्स्ट’ आवृत्त्यांबाबत खुलासा

पियानो शिकणाऱ्यांमध्ये सध्या असा मजकूर फिरत आहे की, मुखपृष्ठावर ‘उर्टेक्स्ट’ (म्हणजे संगीतकाराचा मूळ पाठ देणारी आवृत्ती) असे छापलेल्या स्वरलिपीत संगीतकार शोपँचा एकमेव आणि अंतिम पाठ असतो, त्यामुळे त्याहून वेगळे वाजवणे ही चूकच होय. हे खरे नाही.

शोपँच्या बहुतेक प्रौढ कृती प्रताधिकाराच्या कारणाने फ्रान्स, जर्मनी आणि इंग्लंडमध्ये जवळपास एकाच वेळी, निरनिराळ्या प्रकाशकांकडून निघत. या छापील प्रती हुबेहूब सारख्या नसत, आणि प्रकाशनानंतरही शोपँ शिष्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने बदल करत असे.

१८३९ साली प्रसिद्ध झालेल्या ओपस (कृतिक्रमांक) २८ मधील सी मायनरचा विसावा प्रेल्यूड (छोटी पियानोरचना) पाहावा. तिसऱ्या बारमध्ये (ठरावीक मात्रांच्या विभागात) ई नॅचरल (न उतरवलेला ई) आधीच येऊन गेलेला असल्याने, आणि अशी खूण बार संपेपर्यंत लागू राहत असल्याने, वेगळी खूण नसलेला त्याच बारच्या शेवटच्या कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांमधला) ई हस्तलिखितानुसार नॅचरलच वाचावा लागतो; मात्र जेन स्टर्लिंग या शिष्येच्या प्रतीत तेथे पेन्सिलीने फ्लॅट (स्वर अर्ध्या पायरीने उतरवणारी खूण) घातलेला आहे. त्या एका खुणेवर कॉर्ड मेजर (उजळ छटेचा) की मायनर (गंभीर छटेचा) हे ठरते! संपादकाला यांपैकी एकच पाठ मुख्य मजकुरात घेता येतो, म्हणून दोन साक्षेपी आवृत्त्यांतही मतभेद दिसतात.

नंतरच्या संपादकांनी गुपचूप घातलेल्या पेडलच्या व जोरकसपणाच्या खुणा दूर करणे, हे उर्टेक्स्टचे खरे आणि मोठे काम आहे. बोटांचे आकडे मात्र त्यातही बहुधा संपादकाचेच असतात. पाठभेदांची कारणे शेवटच्या संपादकीय टिप्पणीत दिलेली असतात; ती वाचूनच निर्णय घ्यावा.