देश कुठला घ्यायचा?

परदेशी जायचं की नाही, हा प्रश्न गौण आहे. तो पासपोर्टवाल्यांनी बघावा. आपण आधी देश ठरवायचा. कुठं जायचं नाही हे पक्कं माहीत असल्याशिवाय माणूस कोल्हापुरात निवांत राहू शकत नाही, आणि जग नापास करण्याइतका अनुभव इथं प्रत्येकाकडे उपजतच असतो.

ठरवायला बसायची जागा म्हणजे गंगावेशीतला दूध कट्टा. वेळ रात्रीची, जेवणं उरकल्यानंतरची. म्हैस समोर उभी, धार काढून ग्लास हातात आलेला, वर चार बोटं फेस. तो फेस मिशीला लागलेला असतानाच म्हणावं, "कॅनडात आता काय राम राहिला नाही." या वाक्याला पुरावा लागत नाही. कुणी विचारलंच तर "तुला काय म्हाईत हाय?" एवढं उत्तर पुरतं. एक पथ्य मात्र पाळा. खरोखर चार वर्षं बाहेर राहून आलेला कुणी कट्ट्यावर असेल तर त्याचं मत सगळ्यात शेवटी घ्या, शक्यतो घेऊच नका. तो घरभाडं, विमा, नोव्हेंबरातला चार वाजताचा अंधार असल्या बारीकसारीक गोष्टी काढतो आणि चांगल्या चर्चेचा इस्कोट करतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईपर्यंत जाऊन आलेल्या माणसाला जग जास्त स्वच्छ दिसतं.

पहिली चाळणी मटणाची. या चाळणीत न्यूझीलंड सुरुवातीला फार वर येतो. बावन्न-त्रेपन्न लाखांची वस्ती आणि माणशी चारच्या पुढे मेंढ्या, म्हणजे देश नव्हे, पाहुणचारच. पण खोलात गेल्यावर कळतं की तिथलं मटण बहुतेक सुपरमार्केटच्या फ्रीजमध्ये, प्लॅस्टिकात गुंडाळून, वर किंमत चिकटवून ठेवलेलं असतं. "मांडीचं दे, चरबी कमी टाक, एक नळी वर घाल," असं ज्याला सांगायचं तो माणूसच समोर नाही. सांगायचं कुणाला, फ्रीजला? शिवाय दर वाढला तर करायचं काय? मटणाच्या दरावरून २०१९ च्या अखेरीस आपल्या शहरात आंदोलन झालं होतं. ज्या देशात लोक मटणाच्या दरासाठी रस्त्यावर येत नाहीत, तिथली लोकशाही अजून कच्ची समजावी.

चटणीचा मुद्दा याच चाळणीतला. कांदा-लसूण चटणीचा डबा बॅगेत नसेल तर त्या प्रवासाला प्रवास म्हणत नाहीत. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्यापिण्याची प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहून द्यावी लागते. लपवली आणि सापडली तर दंड, प्रसंगी व्हिसाही रद्द. तेव्हा डबा सरळ उघडून दाखवा, अधिकाऱ्याला जवळून वास घेऊ द्या आणि त्याच्या शिंका थांबेपर्यंत शांत उभे राहा. युरोपीय संघात तर बाहेरून मांस आणि दूधदुभतं नेऊच देत नाहीत. म्हणजे पांढरा रस्सा सीमेवरच अडकला. पंचवीस-सत्तावीस देश एका फटक्यात कमी झाले, काम सोपं झालं.

तरीही जर्मनीचं नाव पुन्हा पुन्हा निघतं, कारण कुणाच्या तरी भाच्याने तिथं शिक्षण फुकट असल्याचं सांगितलेलं असतं. जर्मनीचा विचार करण्यापूर्वी एवढं ध्यानात घ्या: तिथं रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, आणि रविवारी तर दिवसभर. रविवारी भिंतीत ड्रिल मारायचं नाही, बागेतलं गवत मशिनने कापायचं नाही, आणि बहुतेक दुकानंही बंद. आता ज्या शहरात गणपतीची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते आणि गल्लीत पोरगा आल्याची वर्दी आईला बुलेटच्या सायलेन्सरवरून मिळते, तिथल्या माणसाने रविवारी करायचं काय? जर्मनीच्या बाजूने कट्ट्यावर एकच मुद्दा नोंदवला गेला. प्लॅस्टिकची रिकामी बाटली दुकानातल्या मशिनमध्ये परत टाकली की २५ सेंट मिळतात. त्यावर सगळे बराच वेळ गप्प होते. मनातल्या मनात हिशेब चालू असावा.

सिंगापूर लगेच बाद. १९९२ पासून तिथं च्युइंगमच्या विक्रीवर बंदी आहे आणि रस्त्यावर थुंकलं की दंड. हे ऐकताना ज्यांच्या तोंडात मावा होता, त्यांना मत मांडता आलं नाही. त्यांची हरकत गृहीत धरण्यात आली.

इथवर आल्यावर कुणीतरी शहाणा म्हणेल की बाबांनो, देश आपण निवडत नाही, देश आपल्याला निवडतो. त्याच्याकडे दुर्लक्ष करा. तो बहुधा एजंटकडे जाऊन आलेला असतो. तरीपण त्याच्या हातातला कागद जरा बघून घ्यायला हरकत नाही, करमणूक होते.

कामाच्या जोरावर कायमचं राहायला येऊ बघणाऱ्या माणसाला कॅनडा १२०० पैकी गुण देतो. त्यात वयाला जास्तीत जास्त ११०, तेही २० ते २९ या वयात आणि एकट्याने अर्ज केला तर. तिशीपासून उतरंड सुरू, आणि पंचेचाळिशीला वयाचे गुण शून्य. आपल्याकडे तालमीत वय वाढलं की पोरं वस्ताद म्हणून पाया पडतात, तिकडे शून्य! बाकी गुण शिक्षणाचे, कामाच्या अनुभवाचे, इंग्रजी-फ्रेंचचे. पतसंस्थेचं संचालकपद, साखर कारखान्याचा शेअर, नगरसेवकाशी असलेला घरोबा, शाहू स्टेडियमवर पंचाशी घातलेला वाद, खासबाग मैदानात पहिल्या ओळीत बसण्याचा मान, यांतल्या कशालाही एक गुण नाही. ज्या देशाला माणसाची किंमतच करता येत नाही, तिथं जाऊन काय उजेड पाडणार?

यात एक पोटनियम आहे, तो घरी जपून सांगावा. नवरा-बायको दोघं जाणार असतील तर ज्याचे गुण जास्त त्याने मुख्य अर्जदार व्हावं, म्हणजे एकूण बेरीज सुधारते. आता घराघरात बघा. बायको एमएस्सी, इंग्रजी तिचं बरं, पोरांचे अभ्यास तीच घेते. म्हणजे अर्ज तिच्या नावाने, आणि आपण तिच्या मागे, अवलंबित म्हणून. या टप्प्यावर बहुतेक कोल्हापूरकरांचा कॅनडा रद्द होतो. कारण विचारल्यास थंडीचं सांगावं.

अमेरिकेचं काय? अमेरिका स्वतःसाठी ठरवायची नसते, ती मुलीच्या स्थळासाठी असते. तिकडच्या एच-वन-बी, म्हणजे नोकरीच्या व्हिसाची वर्षाची मर्यादा ६५ हजार, वर तिथलीच वरची पदवी घेतलेल्यांसाठी २० हजार, आणि अर्ज जास्त आले की सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावण्याचा आदेश निघाला. ग्रीन कार्डाचा नियम त्याहून गमतीचा. नोकरीच्या वाटेने मिळणाऱ्या कार्डांत कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांवर जायचं नाही. दीडशे कोटींच्या जवळपास पोचलेल्या भारताला सात टक्के, आणि चार लाखांच्या आइसलँडलाही सातच. निम्मा सिंधुदुर्ग जिल्हा आणि अख्खा भारत एका रांगेत समान! समतेचा एवढा आग्रह आपण भाऊबंदांच्या वाटणीतसुद्धा धरत नाही. आज रांगेत उभा राहिलेल्याचा नंबर लागेपर्यंत जन्मलेल्या मुलाचं लग्न निघू शकतं, त्यामुळे स्थळ बघताना "ग्रीन कार्ड आहे" आणि "ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे" या दोन वाक्यांतला फरक वधुपित्याने तारखेनिशी विचारून घ्यावा.

दुबई जवळ आहे, आमटी-भात मिळतो, मराठी माणूस भेटतो, आणि मुख्य म्हणजे पगारावर आयकर नाही. पण जरा थांबा. शेतीच्या उत्पन्नावर आयकर इथंही नाही. मग पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कशाला तापायचं? आपला ऊस काय वाईट आहे? शिवाय दुबई तुम्हाला दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा देईल, घर घेऊ देईल, दुकान टाकू देईल, पण नागरिक म्हणून सहसा घेणार नाही. आयुष्यभर पाहुणा म्हणून राहायचं. जावयाला ते जमतं, इतरांना अवघड.

पैसेवाल्यांसाठी वेगळी सोय आहे. कॅरिबियन समुद्रातला सेंट किट्स आणि नेव्हिस हा देश १९८४ पासून गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देतो. दोन बेटं, लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे इचलकरंजीच्या एका कोपऱ्यात मावेल एवढी. देश निवडण्याची हीच रीत कोल्हापूरकराच्या सर्वांत जवळची. प्लॉट बघायला गेल्यासारखं जावं, रस्ता केवढा, पाणी कुठून, शेजारी कोण हे विचारावं आणि भाव जास्त आहे म्हणून परत यावं.

आता सातबाऱ्याकडे येऊ, कारण शेवटी सगळं तिथंच येतं. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं गेलं. सरकारने संसदेत दिलेल्या आकड्यानुसार एकट्या २०२२ सालात २,२५,६२० जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. त्यानंतर हातात उरतं ते ओसीआय कार्ड. त्यावर आयुष्यभर ये-जा करा, राहा, फ्लॅट घ्या, पण मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येणारी मात्र येऊ शकते.

हे कलम तुमच्या बांधालगतच्या चुलतभावाला अर्धंच माहीत असतं. म्हणून तुमच्या परदेशी जाण्याला सगळ्यात मोठा पाठिंबा त्याचा. ज्याने मागच्या उन्हाळ्यात नांगरट करताना बांध हातभर सरकवला, तोच आता संध्याकाळी घरी येतो, चहा घेतो, पोराच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि म्हणतो, "जा की दादा. तिकडं लई भवितव्य हाय. हितलं आमी बघतोय की." त्याचा आवाज खरोखर भरून आलेला असतो. जाता जाता विहिरीकडे एक नजर टाकतो. वारशाचं कलम त्याला सांगू नका, बिचाऱ्याचा उत्साह मावळेल.

एवढी काळजी घेऊन निवडण्याची परंपरा कोल्हापुरात पूर्वी नव्हती, हे कबूल केलं पाहिजे. राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडचा दौरा करून परतताना फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघं वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. तिथं त्यांचं स्मारक आहे, आणि जवळचा पूलही तिकडे ‘इंडियानो’च्या नावाने ओळखतात. त्यामुळे कट्ट्यावर इटलीचा विषय निघाला की "तिथं आपली जागा हाय," असं म्हणायला कोल्हापूरकराला कागदोपत्री आधार आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले, केंब्रिजची मानद पदवी घेतली आणि परत आले. परत आले, हे महत्त्वाचं. आणि जून २०२५ मध्ये आपली चप्पल मिलानला पोचली. प्राडाच्या फॅशन शोमध्ये थेट मंचावर, कुणाच्या तरी गोऱ्या पायात. भौगोलिक मानांकन २०१९ चं, पण सुरुवातीला गावाचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. ओरड झाल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. चपलेला भाषेची परीक्षा द्यावी लागली नाही, बँकेत शिल्लक दाखवावी लागली नाही. ती करणारा कारागीर मात्र व्हिसाच्या रांगेत कुठंच नाही.

उलट दिशेने आलेलेही आहेत. दुसऱ्या महायुद्धात घरादारातून उचलून सायबेरियाकडे पाठवलेले पोलिश लोक इराणमार्गे इथं आले. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात साधारण पाच हजार जण राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांनी देश निवडण्याची पद्धत सगळीच चुकीची वापरली. मटणाची चौकशी केली नाही, शेजार बघितला नाही, उन्हाळा किती अंशांचा हेही विचारलं नाही. ते गेल्यावर त्याच वस्तीत फाळणीने बेघर झालेले सिंधी आले. त्यांनाही पर्यायांची यादी कुणी दाखवली नव्हती. आज आपण त्या गांधीनगरात लग्नाचा बस्ता बांधायला जातो आणि भाव पाडून मागतो. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. पोलंडचं नाव आपल्या कट्ट्यावरच्या यादीत अजून आलेलं नाही, कारण तिथं कुणाचा भाचा नाही.

तर समजा, एवढं करूनही एखादा देश सगळ्या चाळण्यांतून खाली पडला आणि तुमच्या गल्लीतला एखादा पोरगा खरंच निघाला, तर डिजिटल बोर्डाचं बघा. चौकातली जागा आधी धरा, वाढदिवसवाल्यांनी घेतली तर पंचाईत होते. वर "परदेशगमनाबद्दल हार्दिक अभिनंदन", खाली शुभेच्छुकांचे पंधरा-वीस फोटो, त्यात चुलतभावाचा सगळ्यात मोठा आणि गॉगलमधला. जाणाऱ्या पोराचा फोटो कोपऱ्यात बसवला तरी चालतो, तो काय बघायला इथं असणार आहे. व्हिसाची तारीख ऐनवेळी पुढे जाते, देशही बदलू शकतो, तेव्हा छपाईवाल्याला देशाच्या नावाची जागा मोकळीच सोडायला सांगा. तो वरून स्टिकर मारून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.