खेळाडू जमेत की खर्चात?

पेनसिल्व्हेनियातील सेंट फ्रान्सिस या लहानशा कॅथलिक विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ मार्च २०२५ मध्ये, १९९१ नंतर प्रथमच, एनसीएएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या, राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला, पहिल्याच सामन्यात दोन गुणांनी हरला आणि त्यानंतर आठवडाभरातच विद्यापीठाने जाहीर केले की आपण डिव्हिजन वन हा सर्वांत वरचा स्तर सोडून थेट डिव्हिजन थ्री या सर्वांत खालच्या स्तरावर उतरणार आहोत. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या ओक ट्री रोडवर, चहाच्या दुकानाबाहेर भरणाऱ्या आमच्या कट्ट्याला हा विषय पुरून उरला, कारण कट्ट्यावरचा सर्वांत लहान सभासद बंड्या ज्या कॉलेजात शिकतो त्या कॉलेजाच्या मनात नेमका उलटा, म्हणजे वर चढण्याचा, विचार घोळत होता आणि बंड्याला तो मनापासून पसंत होता.

बंड्याचे म्हणणे सरळ होते. डिव्हिजन वनमध्ये साडेतीनशेहून अधिक कॉलेजे आहेत, त्यांचे सामने दूरचित्रवाणीवर दिसतात, मार्च महिन्यात एखादा मोठा संघ हरवला की कॉलेजाचे नाव देशभर होते आणि पुढच्या वर्षी प्रवेशासाठी अर्जांचा ढीग पडतो. डिव्हिजन वनमध्ये शिरण्याचे कॉलेजाचे शुल्क सोळा-सतरा लाख डॉलरच्या घरात असले, तरी एवढ्या प्रसिद्धीसाठी ते महाग नाही, असा त्याचा हिशेब होता.

अप्पांनी आयुष्यभर हिशेबनीस म्हणून काम केले असल्यामुळे त्यांनी हा आकडा ऐकताच चहाचा पेला बाजूला ठेवला. "अरे, ते तर नुसते दार उघडण्याचे पैसे," ते म्हणाले. डिव्हिजन वनमध्ये फक्त बास्केटबॉल वर नेता येत नाही. किमान चौदा खेळांचे संघ ठेवावे लागतात, १९७२ च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींच्या खेळांना न्याय्य वाटा द्यावा लागतो आणि सगळ्याच संघांचा प्रवास लांबतो. मिनेसोटातील सेंट थॉमस विद्यापीठाचे उदाहरण त्यांनी दिले. त्याच्या जुन्या कॉन्फरन्समधले, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातले, सगळे सामने राज्यातल्या राज्यात, बसने जाऊन खेळण्यासारखे होते. हे विद्यापीठ फारच जिंकते म्हणून इतर कॉलेजांनी २०१९ मध्ये त्याला कॉन्फरन्सबाहेर काढले आणि २०२१ मध्ये ते डिव्हिजन थ्रीमधून एकदम डिव्हिजन वनमध्ये गेले. त्यानंतर त्याच्या व्हॉलीबॉलच्या मुलींनाही डेन्व्हर आणि ओक्लाहोमातील टल्सा गाठावे लागले. शिवाय नवे क्रीडागृह उभारायला सुमारे साडेसतरा कोटी डॉलर लागले आणि त्यातले साडेसात कोटी एकाच दांपत्याने देणगी म्हणून दिले. "तुमच्या कॉलेजाकडे असे दांपत्य आहे का?" या प्रश्नावर बंड्या गप्प राहिला.

खरा वाद पेटला तो यानंतर, कारण अप्पांनी मुद्द्याचे मूळ उकरले. डिव्हिजन थ्रीमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. त्यामुळे लहान खाजगी कॉलेजे तिथे मुद्दाम जास्त संघ उभे करतात, कारण ज्याला अमेरिकन फुटबॉल किंवा लॅक्रॉस खेळायचे आहे तो मुलगा स्वतःची फी भरून, निदान तिचा बराचसा भाग भरून, प्रवेश घेतो. अशा कॉलेजाच्या वहीत खेळाडू जमेच्या बाजूला असतो आणि तोच खेळाडू डिव्हिजन वनमध्ये शिष्यवृत्तीवर आला की खर्चाच्या बाजूला सरकतो. अलाबामातील बर्मिंगहॅम-सदर्न हे हजारभर विद्यार्थ्यांचे कॉलेज २००३ मध्ये पूर्णपणे डिव्हिजन वनमध्ये दाखल झाले आणि २००६ मध्येच त्याने बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. गंमत अशी, की खाली उतरताच त्याने बंद पडलेला फुटबॉल संघ २००७ मध्ये नव्याने सुरू केला. वर असताना न परवडणारा संघ खाली आल्यावर परवडतो, हे कोडे फीच्या हिशेबाशिवाय सुटत नाही.

मास्तरांना हे मान्य नव्हते. ते कम्युनिटी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतात आणि कागदावरचा खर्च व खिशातून जाणारा पैसा यांतला फरक दाखवण्याची एकही संधी सोडत नाहीत. शिष्यवृत्ती म्हणजे कॉलेजाने स्वतःच स्वतःला भरलेली फी आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. वर्गात जागा रिकामीच राहणार असेल, तर तिथे एक खेळाडू बसवल्याने प्राध्यापकाचा पगार वाढत नाही, फार तर जेवणाचा, निवासाचा आणि पुस्तकांचा खर्च येतो. म्हणून क्रीडा विभागाच्या अंदाजपत्रकातला शिष्यवृत्तीचा मोठा आकडा पाहून घाबरण्यात अर्थ नाही. अप्पांनी यावर एकच प्रतिप्रश्न केला: ती जागा खरोखर रिकामी राहणार होती, की तिथे फी भरणारा दुसरा कोणी बसला असता? माझ्या मते सगळ्या वादाची किल्ली याच प्रश्नात आहे. पटसंख्या घसरणाऱ्या कॉलेजापुरते मास्तरांचे म्हणणे बरोबर ठरते, पण असेच कॉलेज प्रशिक्षकांचे पगार, विमानाची तिकिटे आणि मैदानाचे कर्ज हे रोखीचे खर्च पेलायला सर्वांत दुबळे असते.

मग सामन्यांच्या उत्पन्नाकडे गाडी वळली. लहान कॉलेजे मोठ्यांच्या मैदानावर जाऊन ठरलेल्या रकमेच्या बदल्यात हरून येतात, त्याला इकडे गॅरंटी गेम म्हणतात. जॉर्जियातील सव्हाना स्टेटने सप्टेंबर २०१२ मध्ये फुटबॉलमध्ये ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-० असा मार खाल्ला, पुढच्याच आठवड्यात फ्लोरिडा स्टेटविरुद्ध ५५-० अशी अवस्था असताना विजांमुळे सामना थांबला, आणि दोन्ही मिळून सुमारे ८ लाख ६० हजार डॉलर घरी नेले. हे विद्यापीठ २०१९ मध्ये डिव्हिजन टूमध्ये परतले. मार्चच्या स्पर्धेतल्या सहभागाचा एक वाटा सुमारे २० लाख डॉलरचा असतो खरा, परंतु तो सहा वर्षांत विभागून आणि कॉन्फरन्सच्या हाती येतो, त्यामुळे एका कॉलेजाच्या ताटात त्याचा घासभरच पडतो.

इतका वेळ ऐकत बसलेल्या वहिनींचा आक्षेप पैशाचा नव्हता. त्यांची मुलगी शाळेच्या संघात खेळते, म्हणून त्यांचे लक्ष खेळाडूंवर होते. वर चढणाऱ्या कॉलेजाला संक्रमणाची वर्षे काढावी लागतात आणि त्या काळात राष्ट्रीय स्पर्धेचे दार बंद असते. डिव्हिजन टूमधून येणाऱ्यांसाठी ही मुदत चार वर्षांची होती. जानेवारी २०२५ मध्ये, काही अटींवर, ती तीन वर्षांची झाली. पदवीही चारच वर्षांची असल्यामुळे एखाद्या मुलाचे सगळे शिक्षण त्यातच संपू शकत होते. मॅसॅच्युसेट्समधील मेरिमॅक कॉलेजाने २०२३ मध्ये आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना ६७-६६ असा जिंकला, पण ते संक्रमणात असल्यामुळे हरलेल्या फेअरली डिकिन्सनला स्पर्धेत पाठवले गेले. न्यू जर्सीच्या त्या संघाने पर्ड्यूला हरवून जो इतिहास घडवला, तो आमच्या राज्यात सगळ्यांना तोंडपाठ आहे, मात्र मेरिमॅकच्या मुलांची आठवण कट्ट्यावर वहिनींनाच झाली. "चार वर्षे पोरांनी घाम गाळायचा आणि जाहिरात कॉलेजाची, हे कुठल्या वहीत लिहिणार, अप्पा?" त्यांनी विचारले, आणि अप्पांकडे उत्तर नव्हते.

बंड्याने शेवटचा किल्ला लढवला तो डेव्हिडसनचा. दोनेक हजार विद्यार्थ्यांचे ते कॉलेज बास्केटबॉलपटू स्टीफन करीमुळे २००८ मध्ये जगाला माहीत झाले, हे कोणी नाकारत नाही. अप्पांनी त्याच्यासमोर हार्टफर्ड ठेवले: १९८४ पासून डिव्हिजन वनमध्ये असलेले हे विद्यापीठ २०२१ मध्ये प्रथमच मार्चच्या स्पर्धेत खेळले आणि दोन महिन्यांच्या आत त्याच्या विश्वस्तांनी डिव्हिजन थ्रीमध्ये जाण्याचे ठरवले, कारण सल्लागारांच्या अहवालानुसार त्यातून वर्षाला ९२ लाख डॉलर वाचणार होते. मास्तरांनी मध्येच बजावले, की बर्मिंगहॅम-सदर्न ३१ मे २०२४ रोजी कायमचे बंद पडले, त्याचे खापर कोणी खेळावर फोडू नये. ते खाली उतरून तोवर बरीच वर्षे लोटली होती, आणि इमारतींची कर्जे व हिशेबातल्या चुका ही कारणे वेगळी होती. हे अप्पांनीही मान्य केले.

जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या, खेळाडूंच्या मोबदल्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या हाउस खटल्याच्या तडजोडीवर मात्र दोघांचे अजून जमलेले नाही. माजी खेळाडूंना दहा वर्षांत द्यायचे सुमारे २८० कोटी डॉलर मुख्यतः मोठ्या फुटबॉल विद्यापीठांच्या खेळाडूंकडे जाणार आहेत, पण त्यासाठी एनसीएएकडून मिळणाऱ्या वाटपातली कपात डिव्हिजन वनमधल्या लहान कॉलेजांनाही सोसावी लागते. मास्तरांच्या मते ही कपात त्यांच्या एकूण अंदाजपत्रकात किरकोळ आहे. अप्पांचे म्हणणे असे, की दुसऱ्याचे देणे वाटून घेण्यासाठी कोणी सोळा लाख भरून पंगतीत बसत नाही, आणि बंड्याने कॉलेजात पहिल्यांदा हेच विचारावे. बंड्याने विचारायचे कबूल केले आहे, फक्त प्रश्नातून "पंगत" हा शब्द गाळण्याच्या अटीवर.