गाडी गॅरेजात, टेलिफिल्म कुलपात

शेजारच्या आजोबांकडे 1967 सालची मॉरिस मायनर ट्रॅव्हलर आहे. हिचा मागचा भाग लाकडी चौकटीचा, आणि ती चौकट शोभेची नाही; मागचं छप्पर, काचा, दारं सगळं तिच्यावरच तोललेलं. पावसाळ्यात (बर्मिंगहॅममध्ये तो बारा महिने असतो) लाकडाच्या सांध्यांत शेवाळ धरतं. मग आजोबा जुना टूथब्रश घेऊन बाहेर येतात आणि दात घासावेत तशी गाडी घासतात. मी कराडची. आमच्या मामांची अँबेसिडर होती, त्यामुळे कुठे बॉनेट उघडं दिसलं की माझे पाय तिकडे वळतात. आमची ओळख झाली ती अशीच.

मागच्या वर्षी बोलता बोलता ते म्हणाले, "ही टीव्हीवर आलीय बरं का." 1970 च्या दशकात बीबीसीच्या पेबल मिल स्टुडिओचं युनिट त्यांच्या तेव्हाच्या गल्लीत एका टेलिफिल्मच्या शूटिंगला आलं होतं. ही कडेला उभी होती, तीन-चार सेकंद दिसली. घरच्यांनी ते एकदाच पाहिलं. नाव आठवत नाही, नट आठवत नाहीत. त्या दिवशी गाडी धुतलेली नव्हती, एवढं मात्र आजोबांना पक्कं आठवतं.

तेव्हापासून मी ती टेलिफिल्म शोधतेय. शोधता शोधता डोकं तापलंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आमच्या शहरात ब्रिस्टल रोड नावाचा लांबच लांब रस्ता आहे. त्याच्या शहराकडच्या अंगाला, एजबॅस्टनमध्ये, बीबीसीचा पेबल मिल स्टुडिओ होता. 1971 साली उघडलेला. त्याच रस्त्याने दक्षिणेला जात राहिलं की लाँगब्रिज लागतं. तिथे ऑस्टिन गाड्यांचा कारखाना होता. मिनी तिथे 1959 पासून 2000 पर्यंत बनत होती. आमचे आजोबाही तिथलेच कामगार. म्हणजे एका टोकाला गाड्या आणि दुसऱ्या टोकाला त्या गाड्यांतून फिरणाऱ्या माणसांच्या गोष्टी. 2005 च्या एप्रिलमध्ये लाँगब्रिज चालवणारी एमजी रोव्हर कंपनी बुडाली, सहा हजारांच्या आसपास लोक घरी बसले. पेबल मिलची इमारतही त्याच वर्षी पाडली.

आता पुढची गंमत बघा. गाड्यांचं झकास चाललंय. मायनरचा मडगार्ड हवा, मिळतो. लाकडी चौकट नवी हवी, तीही मिळते. गाडी 40 वर्षांची झाली की इथे रोड टॅक्स लागत नाही आणि 2018 पासून बहुतेकांना वार्षिक तपासणीही माफ आहे. ऑस्टिन अलेग्रो आठवतेय कुणाला? 1973 ची, गोल सोडून चौकोनाकडे झुकलेलं स्टिअरिंग व्हील असलेली. जन्मभर टिंगल झाली बिचारीची. तिलासुद्धा जीव लावणारे लोक आहेत. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या वायरिंगवर तर इथे अक्षय्य विनोद चालतात. ते बहुतेक लुकास कंपनीचं असे, म्हणून लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. मी त्यांना आपला 'दिवे लावणे' हा वाक्प्रचार समजावून सांगितला. आजोबा खुर्चीतून पडायचे बाकी होते.

आणि हे प्रेम कोरडं नाही, हाताला ग्रीस लागलेलं आहे. एकदा रस्त्यावरून एमजीबी ही स्पोर्ट्स गाडी गेली आणि मी चहा सोडून खिडकीशी धावले. आवाज ओळखीचा! आजोबांनी सांगितलं, तिचं इंजिन बीएमसीचं (म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं) बी-सिरीज, 1798 सीसी. मामांच्या गाडीतलं 1489 सीसी त्याच घराण्यातलं. अँबेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, हे माहीत होतं. पण ती उत्तरपाड्याची पांढरी गजगामिनी आणि ही छप्पर उघडून उंडारणारी लाल गाडी चुलत बहिणी असतील, हे कानांनी आधी ओळखलं. एसयू कार्बोरेटरच्या डोक्यावरची टोपी उघडून मामा थेंबभर तेल सोडायचे. आजोबाही तेच करतात, तितक्याच देवपूजेच्या चेहऱ्याने.

आता टेलिफिल्मांकडे या. इथे त्यांना 'प्ले' म्हणत, पण त्यांतल्या बऱ्याच 16 मिलिमीटर फिल्मवर, खऱ्या रस्त्यांवर चित्रित झालेल्या. 'प्ले फॉर टुडे' ही बीबीसीची मालिका 1970 ते 1984 चालली. दर वेळी नवी गोष्ट, नवी माणसं. पेबल मिलमध्ये डेव्हिड रोझ नावाचा निर्माता होता, त्याने लंडनबाहेरच्या लेखकांना हाताशी धरलं. तिथून 'पेंडाज फेन' आली, मॉल्व्हर्नच्या टेकड्यांतली, इंग्रज संगीतकार एडवर्ड एल्गारच्या संगीताने झपाटलेल्या, एका पाद्र्याच्या मुलाची. तिथूनच 'गँगस्टर्स' आली, बर्मिंगहॅमच्या गल्ल्यांमधली, आपल्या सईद जाफरींना घेऊन.

'पेंडाज फेन' दाखवली 1974 साली. मग 1990 मध्ये चॅनल फोरवर एकदा. डिस्क बाजारात यायला 2016 उजाडलं. मधली सव्वीस वर्षं ती जगली चाहत्यांनी एकमेकांना दिलेल्या खरखरीत व्हीएचएसवर. आणि ही नशीबवान. फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर असलेल्या कित्येक तर पुसूनच टाकल्या. टेप महाग, परत वापरता येणारी. नटांशी आणि लेखकांशी केलेल्या करारांत पुनःप्रक्षेपणाला मर्यादा. ती मुदत सरली की टेप म्हणजे नुसती अडगळ. जतन करण्याचं पक्कं धोरण बीबीसीकडे 1978 च्या सुमारास आलं. बॉब डिलनने 1963 साली एका बीबीसी नाटकात काम केलं, गाणी म्हटली, तेही 1968 मध्ये पुसलं.

मला हसायचा अधिकार नाही. माझ्या मावशीच्या लग्नाच्या कॅसेटवर भावाने क्रिकेटची मॅच टेप केली होती. सप्तपदीच्या चौथ्या पावलावर एकदम शारजा.

पुसलेल्याचं दुःख करून काय उपयोग? माझा राग आहे तो शिल्लक असून न दिसणाऱ्यांवर. मायनर टिकली कारण ती कुणाची तरी आहे. आजोबांना टूथब्रश चालवायला कुणाची परवानगी लागत नाही. टेलिफिल्म लोकांनी भरलेल्या टीव्ही लायसन्सच्या पैशांतून बनली, पण तिच्या किल्ल्या वीस जणांकडे: लेखकाचे वारस, नट, संगीताचे हक्कवाले. खर्च निघणार नाही म्हणून कुणी कुलूप उघडत नाही. कलाकारांचे पैसे बुडवा असं मी म्हणत नाही. 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेच्या हरवलेल्या सगळ्या भागांचा आवाज आज ऐकता येतो, तो टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसलेल्या पोरांमुळे. नियमाने पाहिलं तर ती पोरं चोर होती. मग एखादा सरसकट परवाना का नाही निघत, वर्षाची ठरावीक रक्कम सगळ्यांत वाटून देणारा?

टेलिफिल्मा अशा कुलपात राहिल्याने काय बिघडतं ते मला एका जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात कळलं. चकचकीत क्रोम, गवतावर सतरंज्या, थर्मास. एक गृहस्थ मला म्हणाले, "काय सुंदर दिवस होते ते!" मी मान डोलावली, पण मनात आलं, कुणाचे? याच शहरात 1968 साली इनॉक पॉवेल या खासदाराने आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण ठोकलं होतं. लाँगब्रिजचे संप, गंजलेले पत्रे, दुकानदाराची तिरकी नजर, यातलं काहीही गवतावरच्या गाडीत दिसत नाही. 'गँगस्टर्स'मध्ये दिसतं. गाडी तीच, पण काच खाली केलेली आणि आतला माणूस शिव्या घालणारा. आजोबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगदी. आम्ही सोमवारी बनवलेली गाडी मी स्वतः घेतली नसती."

तर सध्या दर रविवारी मी कार बूट सेलला जाते. लोक डिकी उघडून घरातला पसारा विकतात, त्यात व्हीएचएस शोधते. मागच्या आठवड्यात दोन पौंडांत खोकाभर मिळाल्या, लेबलांवर निळ्या बॉलपेनने गिचमिड अक्षरं. एकीवर 'प्ले, बर्मिंगहॅम' एवढंच. आजोबांना बोलावलं, व्हीसीआर लावला, नवऱ्याने निमूटपणे चहा केला. दोन मिनिटं मुंग्या, मग विटांच्या घरांची एक रांग, ओला रस्ता, आणि मग स्नूकर. अडीच तास स्नूकर.

आजोबांनी ती गल्ली तीनदा मागे घेऊन पाहिली. "आमची नव्हे," म्हणाले. मग जरा थांबून, "पण ती तिसऱ्या दारासमोरची मरीना आहे ना, तिचा मडगार्ड बघ, तेव्हाच गंजलाय."