ग्राफ काढणं म्हणजे वेळ खाणं? सर, जरा ऐका

सर, समीकरणं ग्राफ काढून सोडवायच्या माझ्या पोस्टवरची तुमची कमेंट दोनदा वाचली. "एवढ्यासाठी ग्राफ कोण काढतं, किंमत टाका आणि मोकळे व्हा, असले क्लासवाले गल्लोगल्ली झालेत." एक चूक आधीच मान्य करतो, पोस्टमधल्या दुसऱ्या उदाहरणात -५क्ष च्या जागी +५क्ष टाइप झालं होतं, रात्रीच दुरुस्त केलं. पण ते नीट सांगता आलं असतं ना? "असले" म्हणजे कसले हो? बावीस वर्षं झाली जुळे सोलापुरात शिकवतोय मी.

बरं, किंमत टाकू. क्ष + य = ७ आणि क्ष² + य² = २५. य = ७ - क्ष टाकलं की क्ष² - ७क्ष + १२ = ०, क्ष = ३ किंवा ४. इथपर्यंत सगळी पोरं येतात. पुढं ३ ही किंमत वर्गाच्या समीकरणात टाकतात, य² = १६, य = ±४, ४ चंही तसंच, आणि (३, ४), (३, -४), (४, ३), (४, -३) अशी चार उत्तरं लिहून वही पुढं करतात. किंमत रेषेच्या समीकरणात टाक म्हणलं की टाकतात, पण का ते कळत नाही. ३ आणि -४ ची बेरीज ७ होत नाही, हे तपासायचं सुद्धा कुणाला सुचत नाही.

मीपण दहावीत हेच केलं होतं. सरांनी दोन उत्तरांवर काट मारली, कारण सांगितलं नाही. माझे वडील चादरीचं डिझाइन करायचे, आधी ग्राफपेपरवर एकेक चौकट भरायची आणि मग त्यावरनं जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली पंचकार्डं. त्यातलाच एक उरलेला कागद घेऊन मी कंपासनं क्ष² + य² = २५ चं, म्हणजे (०, ०) केंद्र आणि ५ त्रिज्येचं वर्तुळ काढलं, आणि क्ष + य = ७ ची रेघ (७, ०) पासून (०, ७) पर्यंत पट्टीनं मारली. दोनच ठिकाणी कापली! रेघ वर्तुळाला दोनापेक्षा जास्त ठिकाणी कापूच शकत नाही, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. आता ७ च्या जागी ८ घ्या, २क्ष² - १६क्ष + ३९ = ०, विवेचक, म्हणजे सूत्रात वर्गमुळाखाली येणारी संख्या, -५६, म्हणून उत्तरच निघत नाही. पोरगं म्हणतं सर, गणित चुकलं. चुकलेलं नसतं, रेघ वर्तुळाच्या बाहेरनं जाते. हे किंमत टाकून दाखवा बघू मला.

सिलॅबसचं म्हणाल तर स्टेट बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग १ च्या पहिल्याच धड्यात आलेख आहे, पुस्तक उघडा. बाकीच्या मुद्द्यांवर मी बोलत बसत नाही.

शनिवारी पाचला क्लास असतो, या, पोरांच्या वह्या बघा, चहा घेऊ. फक्त तो "असले" शब्द तेवढा मागं घ्या.