दोन स्टार

संक्रांतीला फोनवर सगळे जमले होते. तिळगुळाचं बोलून झालं आणि विषय निघाला डिलिव्हरीवाल्या मुलांच्या ३१ डिसेंबरच्या संपाचा. माझा मावसभाऊ पुण्यात अशाच एका कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे. तो म्हणाला, "ताई, यांना पगार, पीएफ, रजा देत बसलो तर धंदाच बंद करावा लागेल. जबरदस्ती केलीये का कुणी? बेकार फिरण्यापेक्षा बरं ना?" आणि मग नेहमीचं, "तुला तिकडे नेदरलँड्समध्ये, उट्रेक्टमध्ये बसून बोलायला काय जातंय!"

हे शेवटचं मला फार झोंबलं. बारा वर्षं ऐकतेय. देश सोडला म्हणजे तोंडही तिथेच सोडून यायचं का?

मी त्याला इथलं उदाहरण दिलं. डिलिव्हरू या घरपोच जेवण पोचवणाऱ्या कंपनीची मुलं स्वतंत्र व्यावसायिक नाहीत, नोकर आहेत, असा निकाल इथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये दिला. तो लगेच म्हणाला, "आणि डिलिव्हरू त्याआधीच गाशा गुंडाळून गेली होती ना?" गेली होती, खरं आहे. पण म्हणून उट्रेक्ट उपाशी राहिलं नाही. दुसऱ्या कंपनीची नारिंगी जॅकेटवाली मुलं आजही पावसात सायकल हाणत असतात, आणि त्यांना तासाप्रमाणे पगार मिळतो.

पण पगार हा या वादाचा अर्धाच भाग आहे. माझं खरं म्हणणं हिशेबाबद्दल आहे. टॅक्सीवाली ओला आपली, भारतातली कंपनी. ब्रिटनमधल्या तिच्या चालकांनी तिला ॲमस्टरडॅमच्या न्यायालयात खेचलं. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, चालकाच्या कमाईतून संगणकाने आपोआप पैसे कापले असतील तर ते कोणत्या निकषावर कापले, हे त्याला समजावून द्या. म्हणजे आपल्याच कंपनीला ब्रिटनच्या चालकाला उत्तर द्यावं लागलं. पुण्याच्या चालकाला तोच प्रश्न विचारायचा असेल तर आपल्या २०२३ च्या डेटा कायद्यात त्यासाठी कलमच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के वाटा या कामगारांसाठी द्यायचा आहे. चांगलं आहे. पण ॲपवरचा आयडी का ब्लॉक झाला, म्हणजे काम का बंद पडलं, हे सांगायला त्या पैशांचा काय उपयोग?

आयडी ब्लॉक हा शब्द मी आमच्या कोथरूडच्या घरात शिकले. आई तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. गेल्या जुलैत मी तिथे होते. दूध घेऊन मुलगा आला, रेनकोटमधून पाणी निथळत होतं, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावलेलं. "आजी, ओटीपी?" आईने पाण्याचा पेला पुढे केला तर म्हणाला, "नको, खाली गाडी चालूच ठेवलीय." तरी दारात मिनिटभर थांबला, कारण आईने विचारलं, "तीन दिवस दिसला नाहीस?" कुणीतरी तक्रार केली होती म्हणे, पिशवी फाटल्याची. कुणी ते माहीत नाही, कुठली ऑर्डर तेही माहीत नाही. चॅटवर विचारलं की तेच एक वाक्य परत परत येतं. तीन दिवस कमाई शून्य. आणि ॲपवर त्याचं नाव काय, तर पार्टनर! पार्टनरला वहीत बघायचा हक्क असतो, एवढं तर आमच्या गल्लीतल्या वाण्यालाही कळतं.

हे सगळं मावसभावाला सांगितलं. जे सांगितलं नाही ते इथे लिहिते.

आईची ऑर्डर मी देते. उट्रेक्टमध्ये सकाळी उठले की कॉफी होईपर्यंत कोथरूडचं दूध, केळी, कधी डायपर, सगळं फोनवरून. जिथे मी असायला हवी तिथे तो मुलगा पोचतो, तेही दहा मिनिटांत. ऑक्टोबरात एकदा ऑर्डर पाऊण तास उशिरा आली. आई फोन उचलत नव्हती, मी घाबरले होते, आणि घाबरल्याचा राग निघाला तो दोन स्टारवर. कारणाच्या रकान्यात उशीर निवडलं आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी कळलं, आईने फोन चार्जिंगला लावून दार लोटलं होतं आणि झोपली होती. तो मुलगा बेल वाजवत जिन्यातच थांबला होता.

स्टार परत घेण्याचं बटण मी शोधलं. सापडलं नाही. हेल्पलाइनला लिहिलं, तर मलाही तेच एक वाक्य आलं.

परवा आई म्हणाली, "तो रबरवाला मुलगा येत नाही गं हल्ली. दुसराच कुणीतरी येतो. गावी गेला असेल का?" असेल, म्हटलं.