फोटो काढून गणित येत नाही

पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: ‘गणिताचा शिक्षक आता मुलांच्या हातात आलाय. उदाहरणाचा फोटो काढा, एआय अ‍ॅप पायऱ्यांसकट उत्तर देतं. पायऱ्या वाचून मूल आपोआप शिकतं. एआय चुकत नाही. पालकांनी लक्ष घालायची गरज नाही. कॅल्क्युलेटरलाही लोकांनी असाच विरोध केला होता. जे पालक अडवतात ते मुलांना मागे ठेवतात.’ माझ्या ताईने तो मला पाठवला, आणि आठवीतल्या भाचीच्या फोनवर अ‍ॅप टाकूनही दिलं. म्हणून हे लिहायला बसले.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेते: ‘पायऱ्या वाचून मूल आपोआप शिकतं.’

नाही शिकत. ३(क्ष − ४) = २क्ष + ५ हे समीकरण घ्या. कंस सोडवताना बरीच मुलं ३ ने फक्त क्षला गुणतात आणि ४ तसाच ठेवतात. मग ३क्ष − ४ = २क्ष + ५, म्हणजे क्ष = ९. बरोबर उत्तर १७ आहे. अ‍ॅप पहिल्याच ओळीत ३क्ष − १२ लिहून मोकळं होतं. मुलाने ती ओळ वाचली, त्याला ती पटली, वहीत उतरली. पण आपण ४ ला गुणायला विसरतो हे त्याला कळलं कुठे? चूक करायची वेळच आली नाही, त्यामुळे ती दुरुस्तही झाली नाही. ती परीक्षेत होणार. सोडवलेलं उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी सोपी आणि ओळखीची वाटते. पुढची पायरी कोणती, हे कोऱ्या कागदावर स्वतः ठरवायची वेळ आली की मगच आपल्याला ते येतं का ते कळतं.

हे माझं नुसतं मत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हमसा बस्तानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये जवळपास हजार विद्यार्थ्यांवर नेमका हाच प्रयोग केला. तो २०२५ साली ‘प्रोसीडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला. वर्गात धडा शिकवून झाल्यावर सरावाच्या वेळी काही मुलांना फक्त वही-पुस्तक दिलं, काहींना साधा चॅटबॉट, म्हणजे चॅटजीपीटीसारखा विचारलेल्या प्रश्नाला लिहून उत्तर देणारा एआय, दिला, आणि काहींना असा चॅटबॉट दिला जो उत्तर न सांगता फक्त इशारे देईल. साधा चॅटबॉट मिळालेल्या मुलांची सरावातली कामगिरी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्के चांगली होती. मग सगळी साधनं काढून घेऊन परीक्षा घेतली. तीच मुलं वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्के मागे पडली. मेसेजमध्ये ज्याचं कौतुक आहे ते सरावातलं यश. परीक्षेचं त्यात नावच नाही.

त्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. आपण कमी शिकलो, हे त्या मुलांना जाणवलंच नव्हतं. ‘तुला समजलं ना?’ असं विचारून मुलाच्या ‘हो’वर विसंबणाऱ्या प्रत्येक पालकाने हे लक्षात ठेवायला हवं. मूल खोटं बोलत नसतं, त्याला खरंच समजल्यासारखं वाटत असतं.

आणि इशारे देणारा चॅटबॉट? सरावात तो गट तब्बल १२७ टक्के पुढे होता. परीक्षेत मात्र जवळजवळ वही-पुस्तकवाल्यांइतकाच. म्हणजे काळजीपूर्वक बनवलेल्या साधनाने नुकसान टाळलं. ‘आपोआप शिकतं’ हे तिथेही सिद्ध झालं नाही.

‘एआय चुकत नाही.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने एकदाही उत्तर पडताळून पाहिलेलं नसावं. वरच्याच अभ्यासात साध्या चॅटबॉटची उत्तरं साधारण निम्म्या वेळाच बरोबर होती. ते २०२३ मधलं मॉडेल होतं, आजची बरीच सुधारली आहेत, हे मान्य. पण चॅटबॉट मुळात भाषेचं मॉडेल आहे, पुढे कोणता शब्द येणं संभवतं ते पाहून तो लिहीत जातो, आणि चुकीची पायरीही बरोबर पायरीइतक्याच ठामपणे मांडतो. काही अ‍ॅपांमध्ये बीजगणित नियमांनुसार सोडवणारी वेगळी यंत्रणा असते, ती जास्त भरवशाची. तिथेही फोटोतला घातांक साधा अंक म्हणून वाचला गेला की पुढचं सगळं उदाहरण बिनचूक सोडवलेलं, पण दुसरंच असतं. ज्याला तो धडा येत नाही त्या मुलाने हे ओळखायचं कसं?

यावर उपाय जुनाच आहे, ताळा. क्ष = १७ घालून पाहा: डावीकडे ३ × १३ = ३९, उजवीकडे ३४ + ५ = ३९. क्ष = ९ घातलं तर डावीकडे १५ आणि उजवीकडे २३ येतात, म्हणजे उत्तर चुकलं. एवढं करायला कुठलं अ‍ॅप लागत नाही.

कॅल्क्युलेटरची तुलना ऐकायला छान आहे. त्याला विरोध झाला होता आणि त्यातली बरीच भीती अनाठायी ठरली, हेही खरं. पण ३४७ × २८ हा गुणाकार कॅल्क्युलेटर करून देतो. मुळात गुणाकार करायचा की भागाकार, हे मुलालाच ठरवावं लागतं. शाब्दिक उदाहरणात विचार करायचा असतो तो तिथेच, आणि फोटो काढला की नेमका तोच भाग हातातून जातो.

‘पालकांनी लक्ष घालायची गरज नाही’ यावर फार बोलायची इच्छा नाही. चॅटजीपीटीच्या स्वतःच्या अटींमध्येच १३ वर्षांची किमान वयोमर्यादा आणि १८ च्या आतल्यांसाठी पालकांची परवानगी ही अट आहे.

आता मेसेजमधला जो अर्धा भाग खरा आहे तो नाइलाजाने का होईना, मान्य करते. रात्री अडलेल्या मुलाला विचारायला कुणीच नसतं. अनेक आईवडिलांना बीजगणित आठवत नाही, आणि मुलाला तेच तेच दहा वेळा विचारायची लाज वाटते. अ‍ॅप कंटाळत नाही, ओरडत नाही. ही मदत लहान नाही आणि ती हिरावून घ्या असं मी म्हणत नाही. ताईलाही अ‍ॅप काढून टाक असं सांगितलेलं नाही.

तिला सांगितलं ते एवढंच. आधी उदाहरण वहीत स्वतः सोडवायचं, चुकलं तरी चालेल, पण किमान दोन ओळी हव्यात. त्यानंतर फोन. त्यावर ‘हे सोडवून दे’ असं विचारायचं नाही. आपल्या पायऱ्या लिहून विचारायचं, ‘उत्तर सांगू नकोस, माझी चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग.’ चूक कळली की अ‍ॅप बंद करून पुढचं स्वतः करायचं. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारचं, आकडे बदललेलं एक उदाहरण फोनशिवाय. ते ताईला समोर बसून पाहता येईल, तिला गणित येत नसलं तरीही, कारण ताळा जुळतो की नाही एवढंच बघायचंय.

आणि तरीही जमलं नाही तर उदाहरण अर्धवट सोडून द्यायचं, खाली ‘इथे अडलं’ असं लिहून. शिक्षक गृहपाठ तपासतात ते वर्गाला काय आलेलं नाही ते समजावं म्हणून. तीसच्या तीस वह्यांमध्ये तीच सुबक, बिनचूक उत्तरं दिसली की ते धडा झाला असं समजून पुढच्या प्रकरणाकडे वळतात, आणि ज्याला कंस सोडवता येत नाही त्याच्याकडे परत यायला त्यांना काही कारणच उरत नाही.