झालर हरवलेली नाही, नसणारच

लेखात दाखवलेलं ए४ या वाफेच्या रेल्वे इंजिनाचं मॉडेल काय सुंदर आहे! पण ‘चाकांवरची झालर हरवल्याने ते अपुरं वाटतं’ हे त्या लेखातलं वाक्य पटलं नाही. ब्रिटिश अभियंते नायजेल ग्रेस्लींची ए४ इंजिनं १९३५ साली आली तेव्हा चाकं झाकणारा पत्रा, म्हणजे ही झालर, होता, खरंय. ३ जुलै १९३८ला ताशी १२६ मैलांचा विक्रम केला तेव्हा त्यांतल्या मॅलार्ड या इंजिनालाही होता. पण महायुद्धाच्या काळात देखभालीला अडचण नको म्हणून तो सगळ्याच ए४ वरून काढून टाकला. कारागिराने त्यानंतरचं इंजिन पाहून हे घडवलं असणार. फोटो मोठा करून बघा: खालच्या कडेला डाख तुटल्याची एकही खूण नाही, कड कानशीने स्वच्छ घासलेली आहे.

मला खरं कौतुक नाकाचं वाटतं. पितळी पत्र्याला एकाच वेळी दोन दिशांनी बाक द्यायचा म्हणजे तापवा, ठोका, पुन्हा तापवा. जरा घाई केली की चीर पडलीच. (मी दोन पत्रे वाया घालवून नाद सोडला.) डावीकडे हातोडीचे बारीक ठोके रंगाखालूनही दिसतात. मालकांना एकच विनंती, नवी झालर बसवू नका आणि ते ठोके पॉलिशने घालवू नका.